गेम पार्लरमध्ये जमायचं ते घरच्या कॅबिनेटवर का जमत नाही? जॉयस्टिकबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या इंदिरानगरच्या एका भाऊंनी घरी गेमचं कॅबिनेट बनवलंय, १८ एमएम प्लायचं, आत रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) आणि ऑनलाइन मागवलेलं जॉयस्टिक-बटणांचं स्वस्तातलं किट. आता गॅलागा आणि १९४२ या जुन्या विमानांच्या गेम खेळताना दोन गोळ्यांच्या मधल्या फटीत शिरायला गेलं की विमान दर वेळी थोडंसं जास्त सरकतं आणि आपटतं. शाळेत असताना सीबीएस बसस्थानकाकडच्या पार्लरमध्ये हेच त्यांना सहज जमायचं, म्हणून विचारतायत की चाळिशीनंतर हात मंदावला की स्टिकमध्येच काही आहे.

स्टिकमध्येच आहे भाऊ. हात थोडा मंदावत असेलही, पण हात मंदावला तर माणूस उशिरा हलतो, तुमचं तसं होत नाहीये, तुम्ही वेळेवर हलताय पण वेळेवर थांबत नाही आहात. हा फरक आधी नीट लक्षात घ्या कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. मी १९९२ पासून नाशिकमध्ये या मशिनी उघडतोय, आधी पार्लरच्या आणि आता लोकांच्या घरातल्या, आणि जो तो स्टिक घेताना हँडल ढकलून बघतो, कडक आहे का, आवाज छान येतो का, पटकन लागते का. सोडून कोणी बघत नाही. विमानाच्या गेममध्ये ढकलण्यापेक्षा सुटणं महत्त्वाचं, कारण वाचायचं म्हणजे बरोबर जागी थांबायचं.

जुन्या गेमच्या बोर्डला स्टिकबद्दल काय कळतं ते बघा. जामा वायरिंग, म्हणजे पार्लरच्या मशिनींची ठरलेली जोडणी, १९८५ ला आलं, त्याच्या ५६ पिनांमध्ये एका खेळाडूच्या स्टिकला फक्त ४ पिना आहेत, वर, खाली, डावी, उजवी. तिरकं म्हणजे दोन एकदम. तुम्ही हँडल किती वाकवलं, जोरात की हळू, यातलं बोर्डला काहीच कळत नाही, स्विच लागलाय की सुटलाय एवढंच कळतं. गेम हे सेकंदाला साधारण ६० वेळा बघते, म्हणजे दर १६-१७ मिलिसेकंदाला एकदा, या एका वेळेला फ्रेम म्हणतात. समजा विमान एका वेळेला २ पिक्सेल सरकतं आणि तुमचं हँडल बोटांनी सोडल्यापासून स्विच प्रत्यक्षात सुटेपर्यंत ५० मिलिसेकंद जातात, तर ३ फ्रेम वाया, ६ पिक्सेल जास्तीचे. गॅलागाचा पडदा २२४ पिक्सेल रुंद आणि आपलं विमान साधारण १६ पिक्सेलच्या चौकोनात काढलेलं, म्हणजे विमानाच्या रुंदीच्या एक-तृतीयांशाहून जास्त चूक झाली, आणि ही चूक तुमच्या डोळ्याची नाही, तुमच्या डोक्याचीही नाही, ती हँडलच्या खालच्या भागात होतेय.

हे मला समजलं ते पंचवटीत, साधारण १९९७ च्या पावसाळ्यात. एका पार्लरमध्ये १९४३ नावाच्या गेमच्या दोन मशिनी शेजारी-शेजारी होत्या, बोर्ड तोच, पिक्चर ट्यूब सारखीच, १ रुपयाला एक डाव. पोरं मात्र जुन्या मशीनला रांग लावायची आणि नवी रिकामी. मालक म्हणाले जुनीचं हँडल फार खिळखिळं झालंय, ते बदलून नव्यासारखं करून टाका. मी माइक्रोस्विचची (दाबलं की टक् करून लागणाऱ्या छोट्या स्विचची) नवी कोरी स्टिक बसवली, टकटक आवाज, हाताला घट्ट, मला वाटलं काम झकास झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर तीच पोरं माझ्याभोवती गोळा, काका जुनं हँडल परत लावा. सुदैवाने ते माझ्या पिशवीतच होतं. पार्लरच्या पायरीवर बसून ते उलटं केलं आणि बघतच राहिलो. ती पत्तीवाली स्टिक होती, म्हणजे आत माइक्रोस्विच नाही, पितळी पत्त्यांच्या चार जोड्या, हँडल वाकलं की एक पत्ती दुसरीला टेकते. आणि माझ्या आधी कोणीतरी जाणत्या माणसाने त्या पत्त्या नाकाच्या पक्कडने वाकवून मधली फट इतकी कमी केली होती की पोस्टकार्ड जेमतेम सरकेल. हँडल जरासं कललं की लागायचं आणि जरासं मागे आलं की सुटायचं, जिथे लागलं जवळपास तिथेच सुटायचं. वरून ते खिळखिळं दिसत होतं पण कामाला एकदम चोख होतं. मी लावलेल्या नव्या स्टिकला साधारण दुप्पट वाकवावं लागत होतं. जुनी परत बसवली, आणि तेव्हापासून मी स्टिक हातात आली की आधी सुटणं मोजतो.

तुम्हीही मोजा, मीटर लागत नाही. स्टिक पॅनेलमधून काढा, उलटी धरा, शांत खोलीत बसा आणि हँडल अगदी हळूहळू एका बाजूला न्या. टक् आवाज आला की थांबा, ती जागा लक्षात ठेवा. आता तितक्याच हळू मागे आणा, दुसरा बारीक आवाज येईल तो सुटल्याचा. माइक्रोस्विच ज्या जागी लागतो त्याच जागी सुटत नाही, थोडा मागे आल्यावर सुटतो, हा त्याचा स्वभावच आहे, नाहीतर कडेला धरलं की तो सारखा लागत-सुटत बसेल. चांगल्या स्टिकमध्ये हे अंतर बारीक असतं. स्वस्त किटमध्ये मी असंही बघितलंय की हँडल जवळपास मधोमध आल्यावर सुटतं, आणि वर स्प्रिंग इतकी लेची की मधोमध यायलाच वेळ लावते, म्हणजे दोन्हीकडून मार.

गेममध्येच तपासायचं तर गॅलागा लावा, खाली डावीकडे उरलेल्या विमानांची छोटी चित्रं असतात तीच पट्टी म्हणून वापरा. विमान डाव्या कडेला नेऊन भिंतीला लावा आणि तिथून उजवीकडे शक्य तितक्या बारीक दहा टिचक्या मारा, दर टिचकीला किती सरकलं ते बघा. सगळ्या टिचक्या सारख्या सरकल्या तर स्टिक ठीक, अंतर जास्त असलं तरी सवय होते. कधी २ पिक्सेल, कधी ८, असं होत असेल तर हाताला कितीही सवय लावा काही उपयोग नाही, कारण सवय कशाची लावणार?

आता स्टिक बदलायच्या आधी हे समजून घ्या की या गेम एकाच तऱ्हेच्या स्टिकसाठी बनलेल्या नाहीत, आणि घरच्या कॅबिनेटमध्ये आपण सगळ्यांना एकच हँडल देतो तिथे अर्धी गडबड होते. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्सच्या अमेरिकेतल्या मिडवे कंपनीच्या उभ्या मशिनीला स्टिक नव्हतीच, डावं-उजवं करायला दोन बटणं आणि एक गोळीचं. १९७९ च्या अॅस्टेरॉइड्सला तर पाच बटणं, वळायची दोन, पुढे ढकलायचं एक, गोळी आणि हायपरस्पेस (एकदम दुसरीकडे उडी). बटणाला मधली जागा नसते, उचललं की सुटलं, त्यामुळे त्या गेममध्ये थांबणं अगदी काटेकोर. गॅलागा १९८१ ची, तिला स्टिक आहे पण दोनच दिशांची, डावी-उजवी, वर-खाली हँडल हलतच नाही. तुम्ही आठ दिशांच्या स्टिकवर गॅलागा खेळताय, त्याने चुकीच्या दिशेला जाणार नाही कारण वरचा स्विच लागला तरी गेम तिकडे बघत नाही, पण जोशात हात तिरका वर जातो, हँडल कोपऱ्यात जाऊन बसतं आणि तिथून परत येण्याचा रस्ता लांबतो. दोन दिशांच्या स्टिकला हँडल रुळावर असल्यासारखं, गेलं तसंच परत.

डिफेंडर बघा, विल्यम्स कंपनीची, युजीन जार्विस यांनी केलेली, १९८१. तिथे स्टिक फक्त वर-खाली आणि बाकी सगळं बटणांवर, पुढे जायचं थ्रस्ट, तोंड फिरवायचं रिव्हर्स, गोळी, स्मार्ट बॉम्ब, हायपरस्पेस. नवीन माणूस वेडा होतो, पण ज्याचा हात बसला त्याला विमानाचं तोंड एकीकडे आणि वेग दुसरीकडे असं उडवता येतं, जे साध्या आठ दिशांच्या स्टिकवर कधीच येणार नाही. मग १९८२ ला जार्विस आणि लॅरी डिमार यांनी रोबोट्रॉन २०८४ काढली ती बरोबर उलटी, गोळीचं बटणच नाही, दोन हँडल, डाव्याने चालायचं, उजव्याने आठ दिशांना मारायचं. त्यामागची गोष्ट अशी की गाडीच्या अपघातात जार्विसचा उजवा हात दुखावला होता, बटण दाबणं अवघड, त्यातून ही दोन हँडलची कल्पना पुढे आली. आणि दोन हँडल असल्यामुळेच ती गेम तुमच्यावर चारी बाजूंनी एवढी गर्दी सोडू शकते, एका हँडलवर ती गर्दी म्हणजे अन्याय झाला असता. घरी एका स्टिकवर आणि चार बटणांवर रोबोट्रॉन खेळून लोक म्हणतात काय फालतू गेम आहे, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. एसएनकेच्या इकारी वॉरियर्सचंही (१९८६) तेच, तिचं हँडल वाकायचं पण आणि वरची मूठ १२ टप्प्यांत फिरायची पण, मागे सरकत पुढे गोळ्या मारता यायच्या, ती मूठ नसेल तर गेममधलं निम्मं डोकं गेलं.

टेम्पेस्टला गोल फिरणारा नॉब, मिसाइल कमांड आणि सेंटीपीडला ट्रॅकबॉल (हाताने फिरवायचा बॉल), तिथे हात जितका जोरात तितकं पडद्यावर जोरात. या गेम स्टिकवर खेळूच नका, माझं स्पष्ट मत आहे, वेगळा ट्रॅकबॉल लावा नाहीतर राहू द्या.

तर स्टिकला एकच वेग, लागलं की पूर्ण वेग आणि सुटलं की शून्य. गेम बनवणाऱ्यांनी या अडचणीवर काय काय केलं ते बघण्यासारखं आहे. कोनामीच्या ग्रेडियसमध्ये (१९८५) वेग तुम्ही स्वतः विकत घेता, कॅप्सूल गोळा करून स्पीड-अप. आमच्याकडे पोरांना हे बरोबर कळलेलं, नाशिकरोडला ज्या मशीनचं हँडल ढिलं तिथे एकच स्पीड-अप घ्यायचे, आणि चांगल्या हँडलवर दोन, कारण वेग वाढला की उशिरा सुटण्याची किंमतही तितकीच वाढते. आणि केव्ह कंपनीच्या डोडोनपाचीमध्ये (१९९७) बटण टपटप मारलं तर पसरट गोळ्या, दाबून धरलं तर लेझर आणि विमानही हळू होतं. म्हणजे स्टिकला नसलेला दुसरा वेग त्यांनी बटणात नेऊन ठेवला. पडदाभर गोळ्या असल्या तरी ती गेम खेळता येते ती याच्यामुळे. तुमच्या स्टिकचं सुटणं खराब असेल तर अशा गेममध्ये बटण दाबून धरायची सवय करा, तोच उशीर कमी पिक्सेलमध्ये पडेल.

आता गेट. स्टिकच्या खाली प्लास्टिकची चकती असते, तिच्या मधल्या भोकात हँडलचं खालचं टोक फिरतं, त्या भोकाचा आकार म्हणजे गेट. चौकोनी, अष्टकोनी, गोल. मुलं विचारतात कुठलं भारी, मी म्हणतो विमानाच्या गेमला चौकोनी, वाद नको. कारण असं की १९४२ सारख्या गेममध्ये तुम्ही बराच वेळ पडद्याच्या खालच्या भागात असता, हँडल खाली धरून डावी-उजवी करता, चौकोनी गेटमध्ये हँडल खालच्या सरळ भिंतीवरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात घसरत जातं, खालचा स्विच लागलेलाच राहतो आणि फक्त आडवा बदलतो. अष्टकोनीमध्ये दर दिशेला खाच, हँडल खाचेत बसतं आणि बाहेर काढायला बारीक झटका द्यावा लागतो, तो झटका म्हणजे नको असलेले २ पिक्सेल. मारामारीच्या गेमला अष्टकोनी आवडणारे खूप आहेत, त्यांचं बरोबर असेल. फक्त एक सांगतो, भिंत आहे म्हणून प्रत्येक वेळी भिंतीपर्यंत ढकलायचं नाही. स्विच भिंतीच्या बऱ्याच अलीकडे लागलेला असतो, त्यापुढचं ढकलणं फुकट आणि परत येताना तेवढाच रस्ता जास्त. जोरात खेळणारी पोरं लवकर मरतात त्यात हे मोठं कारण.

तिरक्याबद्दल अजून एक, जुन्या काही गेममध्ये तिरकं जाताना आडवा वेग आणि उभा वेग दोन्ही पूर्ण मिळतात, मग विमान तिरकं साधारण १.४ पट जोरात जातं. फटीत शिरताना हात नकळत तिरका झाला तर अंदाज चुकलाच समजा.

स्प्रिंग कडक हवी का, तर थोडी कडक हवी पण बेतानं. फार कडक स्प्रिंग आणि वर जड मूठ असली तर हँडल सोडल्यावर मध्ये न थांबता पलीकडे जाऊन उलटा स्विच क्षणभर लावतं, विमान डावीकडे जाऊन एक ठिपका उजवीकडे येतं, डोळ्याला दिसत नाही पण गोळी लागते. यावर उपाय स्प्रिंग बदलणं नाही, हँडल सोडूच नका, बोटांनी धरून परत आणा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट हँडलच्या वरच्या गोळ्याभोवती, मनगट पॅनेलवर टेकलेलं. आपल्याकडे उभं राहून मुठीत दांडा धरायची सवय, त्यात हलतो खांदा, आणि खांद्याला २ पिक्सेल कळत नाहीत.

आता तुमच्या कॅबिनेटची खरी मेख, मला वाटतं ती १८ एमएमच्या प्लायमध्ये आहे. या जपानी पद्धतीच्या स्टिक पातळ पत्र्याच्या पॅनेलसाठी बनलेल्या असतात. जाड प्लायखाली लावली की गोळा पॅनेलला चिकटतो, मग लोक दांड्याला एक्स्टेन्शन लावतात, आणि किटवाल्यांकडे ते मिळतं पण. समजा हँडल ज्या जागी वाकतं तिथपासून गोळ्यापर्यंत आधी ६० एमएम होतं आणि एक्स्टेन्शनने ९० झालं, तर खालचा कोन तोच पण बोटांना दीडपट सरकावं लागतं, जाताना दीडपट आणि येताना पण. तुम्ही लावलं असेल तर आधी ते काढा. सातपूर एमआयडीसीत कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये ३ एमएमची एमएस (लोखंडी) प्लेट कापून मिळेल, प्लायला मोठं चौकोनी भोक पाडून प्लेट वरून खाचेत बसवा आणि स्टिक प्लेटला लावा. माझ्याकडे आलेल्या घरच्या कॅबिनेटपैकी कितीतरी एवढ्यानेच सुधारली, स्टिक न बदलता.

तेवढ्याने नाही भागलं तर मग स्टिक. नाव घेऊन सांगतो कारण वापरलेल्या आहेत, सानवाची जेएलएफ आणि सेइमित्सूची एलएस-३२, दोन्ही जपानी कंपन्या. जेएलएफ मऊ आहे, सगळ्या गेमला चालते, पण तिचं सुटणं मला विमानाच्या गेमला थोडं सैल वाटतं. एलएस-३२ हाताला कडक, कमी वाकवावं लागतं आणि लगेच परत येते, गॅलागा-१९४२ साठी मी तीच लावेन. पॅकमॅनसारख्या चार दिशांच्या गेम पण खेळणार असाल तर गेट फिरवून चार दिशांचं करता येतं का ते बघून घ्या. आणि जुनी पत्तीवाली स्टिक कुठे भंगारात मिळाली तर फेकू नका. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने पत्त्या काळ्या पडतात, पॉलिश पेपर मारायचा नाही, वरचा मुलामा जातो. कोरं व्हिजिटिंग कार्ड दोन पत्त्यांच्या मध्ये धरा, पत्त्या बोटाने दाबा आणि कार्ड ओढून घ्या, चार-पाच वेळा, कार्डवर काळी रेघ येणं थांबलं की झालं. मग फट सेट करा.

गोळीच्या बटणाचं पण थोडं सांगतो कारण तुम्ही किटमधलीच लावली असणार. गॅलागात एका वेळी आपल्या दोनच गोळ्या पडद्यावर असतात (दोन विमानं जोडून मिळाली असतील तर दोन जोड्या), स्पेस इन्व्हेडर्समध्ये एकच. त्यामुळे बटण वेड्यासारखं दाबून काही मिळत नाही, आधीची लागली किंवा वर निघून गेली की मगच पुढची सुटते, म्हणून जवळच्या माशीवर (गॅलागातले शत्रू किड्यांसारखे असतात) नेम धरला की गोळ्या आपोआप पटापट निघतात. तिथे बटण साधं चालेल. पण आर-टाइप (१९८७) मध्ये बटण दाबून धरून बीम (जोरदार गोळी) भरायचा असतो, आतला स्विच खराब असेल तर धरलेलं असताना क्षणभर सुटतो आणि अर्धवट बीम निघून जातो, पोरं म्हणायची गेम बिघडली, मी बटण बदलायचो आणि गेम नीट.

आणि हो, टीव्ही लावला असेल तर त्याचा गेम मोड चालू करा, नाहीतर एवढं सगळं करून उशीर तिकडून येत राहील. मग गॅलागाची ती दहा टिचक्यांची चाचणी प्लेट बसवायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा करा, दोन्ही वेळेला फोनवर स्लो मोशनमध्ये व्हिडीओ घ्या, स्टिक आणि पडदा दोन्ही दिसतील असा. हँडल मधोमध आल्यानंतर विमान किती फ्रेम सरकतंय ते त्यात मोजता येतं, तो आकडा मला सांगा, मग स्प्रिंगला हात लावायचा की स्विचला ते ठरवू.